तीन हजार पानांची रात्र

१९ मार्च २००७, सोमवार. त्या रात्री अमेरिकेच्या न्याय खात्याने प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीकडे सुमारे तीन हजार पानं सुपूर्द केली. विषय होता काही सरकारी वकिलांना पदावरून काढण्याचा. त्यात अधिकाऱ्यांचे आपापसातले ईमेल होते, टिपणं होती, पत्रांचे कच्चे मसुदे होते. समितीने ती पानं लगेच इंटरनेटवर टाकली. पन्नास-पन्नास पानांचा एकेक गठ्ठा, असे एकामागून एक पीडीएफ.

‘टॉकिंग पॉइंट्स मेमो’ या राजकीय ब्लॉगची माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. वृत्तपत्रांनी सकाळच्या अंकासाठी चार-दोन ठळक ईमेल उचलले असते आणि बाकीचा ढीग मागे राहिला असता. ब्लॉगवाल्यांनी आपली अडचण सरळ लिहून टाकली: एवढी पानं आमच्याने वाचून होणार नाहीत, तुम्ही मदत करा. एक गठ्ठा निवडा, वाचा, काही वावगं दिसलं तर गठ्ठ्याचा आणि पानाचा क्रमांक देऊन खाली प्रतिक्रियेत लिहा. रात्रभर नोंदी येत राहिल्या.

लोक राजकीय ब्लॉग का वाचतात, याचं ठरलेलं उत्तर असं की आपलंच मत दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं. यात तथ्य आहे, आणि त्याचा हिशेब पुढे करायचाच आहे. पण दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असताना, पैसा किंवा नाव यातलं काहीही मिळणार नसताना, माणसं अपरात्री सरकारी ईमेल वाचत बसली, हे त्या उत्तरात बसत नाही. तिथे दुसरीच एखादी ओढ असली पाहिजे. ती कोणती, हे शोधण्यासाठी हे एकच प्रकरण मी इथे उलगडतो आहे.

आधी सात राजीनामे

अमेरिकेत संघीय न्यायालयांचे ९४ जिल्हे आहेत आणि त्यांच्यासाठी ९३ मुख्य सरकारी वकील. ग्वाम आणि उत्तर मारियाना बेटं यांना मिळून एकच. राष्ट्राध्यक्ष त्यांना नेमतो, सिनेट मंजुरी देते, मुदत चार वर्षांची असते. नेमणूक राजकीय असते हे कोणी लपवत नाही. मात्र एकदा खुर्चीत बसल्यावर कोणावर खटला भरायचा आणि कोणावर नाही, हे त्याने पक्ष बघून ठरवू नये अशी अपेक्षा असते. राष्ट्राध्यक्ष बदलला की जुने वकील जातात आणि नवे येतात. पण स्वतःच नेमलेल्यांना मुदतीच्या मधेच एकगठ्ठा घरी पाठवायचं, हे नेहमी घडत नाही.

७ डिसेंबर २००६ रोजी सात जणांना राजीनामा द्यायला सांगण्यात आलं. सान दिएगोच्या कॅरल लॅम, न्यू मेक्सिकोचे डेव्हिड इग्लेसियस, सिएटलचे जॉन मकाय, नेवाडाचे डॅनियल बॉग्डेन, ॲरिझोनाचे पॉल चार्ल्टन, मिशिगनच्या मार्गारेट कियारा आणि सॅन फ्रान्सिस्कोचे केविन रायन. अर्कान्सॉच्या बड कमिन्स यांना त्याच वर्षी जूनमध्ये तसं सांगून झालं होतं, आणि त्यांच्या जागी राष्ट्राध्यक्ष बुश यांचे राजकीय सल्लागार कार्ल रोव्ह यांच्या हाताखाली काम केलेले टिम ग्रिफिन आले. पुढे मिसूरीच्या टॉड ग्रेव्ह्ज यांचंही नाव उघड झालं आणि आकडा नऊवर गेला.

त्या दिवशी मात्र सात हा आकडा बाहेर कोणालाच माहीत नव्हता. प्रत्येक राजीनामा आपापल्या गावच्या वर्तमानपत्रात छोटी बातमी होऊन आला. अर्कान्सॉच्या पेपरात अर्कान्सॉपुरता, सान दिएगोच्या पेपरात सान दिएगोपुरता. त्या-त्या वाचकाला एवढंच दिसलं की एका माणसाने नोकरी सोडली. ब्लॉगने पहिली गोष्ट केली ती या बातम्या शेजारी-शेजारी ठेवण्याची. दोन बातम्यांत योगायोग दिसतो. चौथी आली की वाचक खुर्चीत पुढे सरकतो.

हा ब्लॉग सुरू केला जोशुआ मायका मार्शल यांनी, नोव्हेंबर २००० मध्ये, फ्लोरिडातल्या मतांची फेरमोजणी चालू असताना. ते इतिहासाचे अभ्यासक आणि पत्रकार. वाचकांना काम सांगण्याची पद्धत त्यांनी आधीच पाडली होती. २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन योजनेचा, काही भाग खासगी खात्यांकडे वळवायची योजना मांडली, तेव्हा अनेक खासदार हातचं राखून बोलत होते. मार्शल यांनी वाचकांना सांगितलं: आपापल्या खासदाराच्या कार्यालयाला फोन करून विचारा आणि काय उत्तर मिळालं ते कळवा. उत्तरं आली, याद्या बनल्या, कोण डळमळीत आहे ते सगळ्यांना दिसू लागलं. तेव्हा मार्चमधली ती रात्र काही आभाळातून पडलेली नव्हती. दोन वर्षांपूर्वी फोन केलेलं माणूस आता पीडीएफ उघडत होतं.

जानेवारी ते मार्च

जानेवारी २००७ मध्ये कॅरल लॅम यांची बातमी आली आणि प्रकरणाला धार चढली. लॅम यांच्या कार्यालयाने रिपब्लिकन खासदार रँडी ‘ड्यूक’ कनिंगहॅम यांना लाच प्रकरणात तुरुंगात पाठवलं होतं. शिक्षा ८ वर्षं ४ महिने. तपासाचे धागे अजून पुढे जात होते. अशा वेळी ही वकील जाते, म्हणजे काय?

त्यात एका कलमाची भर पडली. मार्च २००६ मध्ये पेट्रियट या दहशतवादविरोधी कायद्याचं नूतनीकरण झालं, त्यात एक लहानशी दुरुस्ती घुसवलेली होती. हंगामी सरकारी वकील आधी १२० दिवसांसाठी असायचा, पुढची नेमणूक जिल्हा न्यायालयाकडे. दुरुस्तीनंतर ॲटर्नी जनरलने, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुखाने, नेमलेला हंगामी वकील सिनेटला न विचारता बेमुदत राहू शकत होता. कायद्याच्या जाडजूड मसुद्यातलं असं कलम वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर चालत नाही. ब्लॉगवर चालतं. तिथे वाचक दिवसभर याच विषयात असतो, त्याला कालचा संदर्भ पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. राजकीय ब्लॉगची मोठी गोडी मला इथे दिसते: वाचकाला जाणकार धरून बोलणारं लेखन त्याला हळूहळू खरोखरच जाणकार करतं. तीन महिन्यांपूर्वी सरकारी वकील नेमतात कसे हे ज्याला ठाऊक नव्हतं, तो आता १२० दिवसांच्या तरतुदीवर वाद घालत होता.

वाद होतेही. ‘क्लिंटन यांनी १९९३ मध्ये सगळ्या ९३ जणांना काढलं, तेव्हा कुठे गेला होता तुमचा राग?’ हा समोरच्या बाजूचा हुकमी प्रश्न. ९३ जणांचे राजीनामे तेव्हा मागितले गेले होते, हे खरंच होतं. त्याला उत्तर द्यायचं तर राजवटीच्या सुरुवातीची सरसकट बदली आणि मधेच निवडून केलेली गच्छंती यांतला फरक नीट मांडता यायला हवा. अनेकजण ब्लॉग वाचतात ते यासाठी. जेवणाच्या टेबलावर, कचेरीत, मित्रांत निरुत्तर व्हायचं नसतं. या कारणाला लोक हलकं समजतात, मला ते हलकं वाटत नाही. वादात टिकायचं तर समोरच्याचा मुद्दा आधी कळावा लागतो, आणि तो कळून घेण्याची गरज माणसाला वाचायला बसवते.

सगळ्यांनाच हे पटत होतं असं नाही. ‘टाइम’ साप्ताहिकाचे वॉशिंग्टन कार्यालयप्रमुख जे कार्नी यांनी जानेवारीत, यात कारस्थान शोधणं म्हणजे जास्तच ताणणं, अशा अर्थाचं लिहिलं. मार्चमध्ये त्यांनी आपली चूक मोकळेपणाने मान्य केली आणि मार्शल यांना श्रेय दिलं. ही गोष्ट ब्लॉगवाल्यांच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. मला कार्नी यांचा जानेवारीतला संशयही रास्त वाटतो. तोवर हातात पुरावा फार थोडा होता. ब्लॉगच्या वाचकांनी विश्वास आधी ठेवला आणि पुरावा नंतर आला. त्यांचा अंदाज खरा ठरला, पण अंदाज खरा ठरल्याने अंदाज बांधण्याची रीत बरोबर ठरत नाही.

पुढच्या घटना भराभर झाल्या. ६ फेब्रुवारीला उप-ॲटर्नी जनरल पॉल मॅकनल्टी यांनी सिनेट समितीसमोर सांगितलं की कमिन्स सोडले तर बाकीच्यांना कामगिरीवरून काढलं. मग बातमीदारांनी कामगिरीचे अहवाल मिळवले, आणि बहुतेकांचे अहवाल चांगले निघाले. ६ मार्चला काढलेल्या वकिलांनी साक्षी दिल्या. २००६ च्या निवडणुकीच्या तोंडावर सिनेटर पीट डोमेनिची आणि खासदार हेदर विल्सन यांचे, चालू तपासाबद्दल विचारणारे फोन आपल्याला आले होते, असं इग्लेसियस यांनी शपथेवर सांगितलं. १२ मार्चला ॲटर्नी जनरल अल्बर्टो गोन्झालेस यांचे चीफ ऑफ स्टाफ काइल सॅम्पसन यांनी राजीनामा दिला. १३ मार्चला गोन्झालेस पत्रकारांसमोर आले आणि या चर्चांमध्ये आपण नव्हतो, असं म्हणाले.

हे वाक्य लक्षात ठेवावं.

एक पान, जवळून

या काळात बाहेर आलेल्या कागदांपैकी एक बघू. मार्च २००५ चा ईमेल आहे, सॅम्पसन यांच्याकडून व्हाइट हाउसच्या वकील हॅरियट मायर्स यांना. सोबत सरकारी वकिलांच्या नावांचा तक्ता. ठळक अक्षरातलं नाव म्हणजे ठेवावं. मधून रेघ मारलेलं म्हणजे काढावं. दोन्हींपैकी काही नसेल तर शिफारस नाही. माणसांच्या नोकऱ्यांचा निवाडा टायपाच्या जाडीवर.

आता असं पान बातमीत वाचणं आणि समोर उघडून बघणं यात किती अंतर आहे पाहा. बातमीत ‘कागदपत्रांवरून असं दिसतं की’ अशी सुरुवात होते आणि आपण मान डोलावून पुढे जातो. पान उघडलं की ते थोडं तिरकं स्कॅन झालेलं असतं. कोपऱ्यात खात्याचा शिक्का-क्रमांक असतो. ईमेलची साखळी उलटी असते, शेवटचं उत्तर वर आणि पहिला प्रश्न तळाला, म्हणून पान खालून वर वाचावं लागतं. मधे कुठे मजकूर झाकलेला असतो. पाठवण्याची वेळ दिसते, आणि कोणाला प्रत पाठवली तेही. दहा पानं अशी वाचली की त्या कचेरीतलं बोलणं कानात बसतं. कोण कोणाला पहिल्या नावाने हाक मारतं, कोण दोन शब्दांत उत्तर देतं, कोण विषय टाळतं.

सत्ता रोजच्या कामकाजात कशी बोलते हे ऐकायची संधी सामान्य माणसाला जवळपास मिळतच नाही. तिच्याकडून त्याला मिळतात ती भाषणं आणि निवेदनं. त्या रात्री दार किलकिलं झालं होतं, आणि दारातून कोणी मध्यस्थ डोकावून सांगत नव्हता. ज्याला बघायचं त्याने यावं आणि बघावं. राजकीय ब्लॉगवरच्या साध्या लिंकचं बळ हेच. लेखक म्हणतो, ‘माझं म्हणणं हे आहे, आणि मी ज्यावरून म्हणतो तो कागद हा.’ बहुतेक वाचक ती लिंक उघडत नसतील. पण उघडता येते, कोणीतरी उघडणार आहे, आणि चूक निघाली तर तासाभरात खाली लिहिली जाणार आहे, हे लेखकालाही माहीत असतं आणि वाचकालाही. त्या जाणिवेतून एक वेगळा विश्वास तयार होतो. मार्शल यांचा कल डाव्या बाजूचा होता, आणि ते तो कधी लपवत नव्हते. त्यामुळे वाचकाला तेवढी वजाबाकी करून घेता येत होती. आपण तटस्थ आहोत असं सांगणाऱ्या लेखनात अशी वजाबाकी कुठून करायची, तेच कळत नाही.

अठरा दिवस

१९ मार्चच्या रात्री जे सापडलं त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कुठल्याही पानावर नव्हती.

वाचणाऱ्यांनी ईमेल तारखेप्रमाणे लावायला घेतले. १५ नोव्हेंबर २००६ ला सॅम्पसन यांनी वकिलांना काढण्याची टप्प्याटप्प्याची योजना व्हाइट हाउसच्या वकिलांकडे पाठवली होती. हे राष्ट्राध्यक्षांच्या कानावर घालायचं का, ते कोण ठरवणार, असा प्रश्नही त्या देवाणघेवाणीत आहे. ४ डिसेंबरला व्हाइट हाउसचे विल्यम केली यांचं उत्तर येतं: योजनेला होकार आहे. तीन दिवसांनी सात जण गेले.

प्रश्न १५ नोव्हेंबरला, होकार ४ डिसेंबरला. मधले अठरा दिवस जवळजवळ कोरे. निर्णय ज्या काळात झाला असणार, नेमक्या त्याच काळातले ईमेल ढिगात नव्हते.

वाचकांनी ही पोकळी टिपली. मग ती ब्लॉगवर वर आली, इतर माध्यमांत गेली आणि व्हाइट हाउसच्या प्रवक्त्यालाही तिच्याबद्दल विचारलं गेलं. वॉटरगेट प्रकरणातल्या निक्सन यांच्या टेपमधली साडेअठरा मिनिटांची कोरी जागा ठाऊक असलेल्या देशात ‘अठरा’ हा आकडा ऐकूनच लोक सावध झाले असतील. चार दिवसांनी, २३ मार्चला, न्याय खात्याने आणखी कागद दिले. त्यात २७ नोव्हेंबरच्या एका बैठकीची नोंद होती. तासाभराची बैठक, विषय वकिलांना काढण्याची योजना, आणि उपस्थितांत स्वतः गोन्झालेस. २७ नोव्हेंबर त्या अठरा दिवसांतच येतो. चर्चांमध्ये आपण नव्हतो, हे १३ मार्चचं वाक्य आता उभं राहत नव्हतं. २९ मार्चला सॅम्पसन यांनीही सिनेटसमोर सांगितलं की ते विधान अचूक नव्हतं.

नसलेली गोष्ट शोधणं फार अवघड काम आहे. एकटा बातमीदार ढिगातून ‘काय आहे’ ते शोधतो, कारण सकाळपर्यंत त्याला बातमी द्यायची असते. ‘काय नाही’ हे दिसायला सगळा ढीग एकदम नजरेखाली यावा लागतो. शंभर माणसांनी आपापले गठ्ठे वाचून एकाच जागी तारखा लिहिल्या, तेव्हा भोक आपोआप दिसलं. एकेकट्या वाचकाला आपण काय शोधलं याची कल्पनाही नसेल. ‘माझ्या गठ्ठ्यात नोव्हेंबरच्या शेवटचं काही नाही’ असं एकाने म्हणायचं, ‘माझ्याकडेही नाही’ असं दुसऱ्याने.

मघाच्या ओढीचं उत्तर मला इथे मिळतं. मत मांडणारं लेखन वाचकाला प्रेक्षक ठेवतं. हे लेखन त्याला पुरतं न उमगलेल्या गोष्टीत सामील करून घेतं. लेखक म्हणतो, ‘इथवर कळलंय, पुढचं अजून कळलेलं नाही’, आणि वाचक त्या ‘पुढचं’साठी परत येतो. वर्तमानपत्रातला लेख शिवून, इस्त्री करून हाती येतो. ब्लॉगच्या नोंदीला टाके दिसत असतात. तीन ओळींची नोंद, दुपारी तिच्यात दुरुस्ती, संध्याकाळी वाचकाच्या पत्रावरून नवा धागा, दुसऱ्या दिवशी ‘काल मी चुकलो होतो’. विचार कसा पुढे सरकतो ते उघड्यावर दिसतं, आणि विचार सरकताना बघण्यात एक खरा आनंद आहे. शिक्षकाने फळ्यावर गणित सोडवताना मधेच थांबून ‘थांबा, हे जमत नाहीये’ म्हटलं की सगळा वर्ग जागा होतो, तसा.

जे श्रेय ब्लॉगचं नव्हे

या प्रकरणाबद्दल बोलताना ब्लॉगप्रेमी मंडळी एक चूक नेहमी करतात, म्हणून थोडं थांबतो.

कमिन्स आणि लॅम यांच्या पहिल्या बातम्या स्थानिक वर्तमानपत्रांच्या पगारी बातमीदारांनी दिल्या होत्या. कामगिरीचे अहवाल मिळवणारे, अधिकाऱ्यांना फोन करणारे, न्यायालयांचे उंबरे झिजवणारे तेच. आणि ती तीन हजार पानं बाहेर आली ती नोव्हेंबर २००६ च्या निवडणुकीत संसद डेमोक्रॅट पक्षाच्या हाती गेली म्हणून. समितीचं अध्यक्षपद बदललं नसतं तर कागद मागितलेच गेले नसते, आणि मग जगातल्या कुठल्याही वाचकाला ते वाचता आले नसते. शपथेवरच्या साक्षी तर ब्लॉगच्या आवाक्यातल्याच नव्हत्या.

ब्लॉगने विषय मरू दिला नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंड दिवसांत, बाकीच्यांना यात बातमी दिसत नव्हती तेव्हा, तो रोज थोडा-थोडा पुढे नेला. हे काम लहान नाही. २००७ मधल्या कामासाठी मार्शल यांना कायदेविषयक वार्तांकनाचा जॉर्ज पोल्क पुरस्कार मिळाला, आणि एका ब्लॉगला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. मी हे अभिमानाने सांगतो, कारण तो पुरस्कार थोडासा त्या रात्री जागलेल्या निनावी लोकांचाही आहे.

हीच ओढ उलटी फिरते तेव्हा

त्या रात्री पानं वाचणारे बहुतेक जण एकाच बाजूचे होते. बुश सरकार दोषी निघावं, अशी त्यांची इच्छा होती. इच्छा असलेला माणूस जास्त वेळ वाचतो, हा फायदा. त्याला नको तिथेही नक्षी दिसते, हा तोटा. १९ मार्चच्या नोंदींत निरर्थक शंका कमी नसणार. कुणाच्या साध्या ‘धन्यवाद’मध्ये कुणाला संकेत दिसला असेल. त्या शंका गाळल्या गेल्या कारण अट पान-क्रमांकाची होती. ‘मला वाटतं’ म्हणून भागत नव्हतं. कुठल्या पानावर, ते सांगायचं, मग दुसरा जाऊन बघणार आणि पटलं नाही तर तसं लिहिणार.

उजव्या बाजूलाही हीच कसरत अडीच वर्षांपूर्वी झाली होती. सप्टेंबर २००४ मध्ये सीबीएस वाहिनीने बुश यांच्या तरुणपणच्या ‘एअर नॅशनल गार्ड’ या राखीव हवाई दलातल्या सेवेबद्दल काही जुने कागद दाखवले. काही तासांत वाचकांनी प्रश्न काढला: १९७० च्या दशकातल्या टंकलेखन यंत्रावर अशी अक्षरं, असं अंतर उमटेल का? तोच मजकूर संगणकावर आजच्या अक्षरात टाइप करून एकावर एक ठेवून दाखवला गेला. कागद अस्सल असल्याचं वाहिनीला सिद्ध करता आलं नाही, आणि तिने माफी मागितली. तिथेही कागद समोर होता, तपासता येत होता.

कागदाच्या जागी माणूस आला की चित्र बदलतं. एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर ‘रेडिट’ या चर्चेच्या संकेतस्थळावर हजारो लोक गर्दीचे फोटो तपासायला बसले. उत्साह तोच, रात्र जागवणं तेच, ‘आपण काहीतरी करतोय’ ही भावनाही तीच. त्यातून एका निरपराध विद्यार्थ्याचं नाव संशयित म्हणून जगभर फिरलं. तो आधीच बेपत्ता होता, पुढे तो मृतावस्थेत सापडला, आणि स्फोटांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. त्याच्या घरच्यांनी त्या दिवसांत काय सोसलं असेल, ते मला लिहवत नाही. ‘रेडिट’च्या चालकांनी जाहीर माफी मागितली.

दोन्ही रात्री शेजारी ठेवल्या तर मला फरक वाचकांच्या हुशारीत दिसत नाही. १९ मार्चला हाती होते सरकारचे स्वतःचे कागद, प्रश्न होता सत्ताधाऱ्यांच्या जाहीर विधानांचा, आणि चूक झाली तर ती खालच्या नोंदीत दुरुस्त होणार होती. बॉस्टनच्या वेळी हाती होते अनोळखी चेहरे, प्रश्न होता एका माणसाच्या गुन्ह्याचा, आणि चुकलेली नोंद मागे घेईपर्यंत ती दहा ठिकाणी पोहोचलेली होती. वाचकाची ओढ दोन्हीकडे सारखीच खरी होती. म्हणून ‘वाचकांनी जास्त सहभाग घ्यावा’ एवढा सल्ला मला अपुरा वाटतो. कशावर काम करायला सांगता, यावर सगळं ठरतं.

आणखी एक गोष्ट बोलून दाखवतो. २००७ चा वाचक रोज एकाच दारातून आत यायचा. वरपासून खाली, नोंदीमागून नोंद वाचायचा. काल काय झालं ते त्याच पानावर खाली असायचं. पुढे लोक समाजमाध्यमांकडे वळले, आवडत्या ब्लॉगांच्या नोंदी एका जागी आणून देणारं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं. आता नोंद आपल्यापर्यंत सुटी येते, मागचा-पुढचा धागा तोडून. सुट्या तुकड्याला राग येण्याइतकं बळ असतं. तारखा लावायला लागणारी माळ त्याच्यापाशी नसते. अठरा दिवसांची पोकळी सुट्या तुकड्यांत कोणाला दिसली असती, असं मला वाटत नाही.

पुढे काय झालं

१९ एप्रिलला गोन्झालेस सिनेट समितीसमोर बसले आणि ‘आठवत नाही’ या अर्थाचं उत्तर त्यांनी साठहून अधिक वेळा दिलं. २७ ऑगस्टला त्यांनी राजीनामा जाहीर केला. सप्टेंबर २००८ मध्ये न्याय खात्याच्याच महानिरीक्षकांच्या चौकशीचा अहवाल आला. त्यात ही सारी प्रक्रिया सदोष असल्याचा ठपका होता, आणि पुढच्या तपासासाठी विशेष अभियोक्ता म्हणून नोरा डॅनही यांची नेमणूक झाली. जुलै २०१० मध्ये निर्णय कळला: कोणावरही फौजदारी आरोप ठेवले जाणार नाहीत.

साडेतीन वर्षं पाठपुरावा करणाऱ्या वाचकाला हा शेवट कडू लागला असणार. ज्या गुन्ह्याची त्याला खात्री होती, तो न्यायालयात उभाच राहिला नाही. कॅरल लॅम यांना काढण्यामागचा हेतू कनिंगहॅम प्रकरण हाच होता, हेही शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. सॅम्पसन यांनी शपथेवर वेगळं कारण सांगितलं होतं, सीमेवरच्या स्थलांतर-खटल्यांचं. तीन महिने रोज वाचून मनात घट्ट बसलेली गोष्ट आणि चौकशीत टिकलेली गोष्ट यांत अंतर राहिलं. जानेवारीत कार्नी यांना जो प्रश्न पडला होता, तो त्या अंतरात अजून उभा आहे.

हंगामी वकिलांचं ते कलम मात्र गेलं. २० मार्च २००७ ला, पानं वाचली गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सिनेटने ९४ विरुद्ध २ मतांनी ते रद्द केलं. प्रतिनिधीगृहाचीही मंजुरी मिळाली आणि १४ जूनला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्यावर सही केली. हंगामी सरकारी वकिलाची मुदत पुन्हा १२० दिवसांची झाली, आणि त्यापुढचा निर्णय पुन्हा जिल्हा न्यायालयाकडे गेला.